मार्लकोटच्या तळघरातला शेवटचा कट्टा

घर सोडायचं ठरल्यापासून पेनिफोल्ड मंडळी एकमेकांशी इतकी गोड वागत होती, की हॉनरला धास्तीच वाटू लागली होती. चौऱ्याहत्तर वर्षांत या घरात तिनं एवढा गोडवा कधी पाहिला नव्हता. सप्टेंबरअखेर मार्लकोट मुलींच्या शाळेच्या ताब्यात जाणार होतं. बिलियर्डच्या खोलीत भूगोल, गालिच्याच्या दालनात कवायत, आणि हॉनर ज्या खोलीत जन्मली तिथे गालगुंड झालेल्या मुलींच्या खाटा. पिअर्सनं, म्हणजे तिच्या भाच्यानं, सह्या करून टाकल्या होत्या. हॉनरला फाटकाजवळची दोन खोल्यांची कॉटेज मिळणार होती, तिच्या दिवंगत भावाची, जेराल्डची, बायको मुरिएल समुद्रकाठी बहिणीकडे जाणार होती आणि धाकटा भाऊ क्लेमंट लंडनच्या कुठल्याशा हॉटेलात. रडारड झाली नाही. पेनिफोल्डांत रडत नसत; फार वाईट वाटलं तर कुत्र्याला फिरवून आणत.

त्या रविवारी प्रार्थनेनंतर पाद्रीबुवा लविज जेवायला होते. मटण संपलं, पुदिन्याची चटणी संपली, आणि आलुबुखाऱ्याच्या पुडिंगवर कस्टर्ड ओतता ओतता पाद्रीबुवा म्हणाले, "बिशपच्या कचेरीतून पत्र आलंय. चर्चखालच्या तुमच्या तळघराबद्दल."

"गळतंय का?" पिअर्सनं विचारलं. सहा वर्षं मालकी भोगल्यामुळे त्याला दुसरा प्रश्न सुचतच नसे.

"वेदीखालची फरशी खचतेय. तळघर सिमेंट ओतून कायमचं बंद करायचं म्हणतात. त्यांचा माणूस येऊन मोजणी करून गेला. शवपेट्या ठेवायचे सगळे कट्टे भरलेत, एक सोडून. त्या एका पेटीपुरतं दार ठेवतील, मग बंद. ती कोणाची, ते नाव मात्र आत्ताच कळवायचंय." मग टेबलाभोवतीचे चेहरे पाहून ते गडबडले. "म्हणजे, घाई कोणालाच नाही! देव करो आणि..." त्यांनी पुडिंगचा मोठा घास घेतला.

पहिली मुरिएल बोलली. सत्तरीतली, गुबगुबीत, मोत्यांची माळ घालून जेवायला बसणारी. तिच्या वडिलांचा बर्मिंगहॅमला बिस्किटांचा कारखाना होता आणि त्या बिस्किटांवर मार्लकोटचं अर्धं छप्पर उभं होतं, ही गोष्ट घरात कोणी काढत नसे आणि कोणी विसरतही नसे. "माझं काय हो, मला कुठंही टाका. वन्सं, तुम्ही थोरल्या. तुमचाच मान."

"नको गं बाई," हॉनर म्हणाली. "क्लेमंट आमच्या पिढीतला शेवटचा मुलगा. त्यालाच जाऊ दे."

"छे, छे!" क्लेमंट म्हणाला. तीस वर्षं मलायात रबराचे मळे सांभाळून परतलेला हा गृहस्थ चमच्यानं बोलायचा. तोंड मागाहून उघडायचं. "मला कुठल्याही चिखलात झोप लागते. वहिनींना द्या."

पाद्रीबुवा सरळ मनाचे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "मग कोणालाच नको, असं लिहू?"

"थांबा!" तिघंही एकदम ओरडली.

त्यानंतर गोडवा जो गेला तो गेलाच.

"नवऱ्याशेजारी बायकोनं नसावं, तर कोणी असावं?" मुरिएल म्हणाली.

"जेराल्डशेजारी बायको आहेच की," हॉनरनं कस्टर्डचं भांडं पुढे सरकवलं. "सिसिली."

मुरिएलचा चमचा ताटलीवर वाजला. सिसिली ही जेराल्डची पहिली बायको. एकोणीसशे पंधरात गेली. तिचं मोठं तैलचित्र जिन्यात होतं, आणि एकोणचाळीस वर्षं मुरिएल रोज तिच्या नजरेखालून न्याहारीला उतरत आली होती.

"दोन वर्षं," मुरिएल म्हणाली. "दोन वर्षं संसार केला तिनं. त्यात एक वर्ष खोकण्यात. आणि मी तेहेतीस वर्षं त्यांचे मोजे रफू केले."

"नियमात मोजे येत नाहीत," क्लेमंट म्हणाला. "थोरल्या सर जोसेलिननं सतराशे बेचाळीसला दगडावर कोरून ठेवलंय. आत फक्त मालक, त्यांच्या बायका आणि मुलगे. बिनलग्नाच्या मुली बाहेर, भिंतीकडेला. हॉनर, तुला ठाऊकच आहे."

हॉनरला ठाऊक होतं. भिंतीकडेला खाजकुइलीच्या झुडपांत तिच्या तीन आत्याआज्या होत्या. दर वसंतात ती हातमोजे घालून त्यांना मोकळं करायची आणि दर उन्हाळ्यात त्या पुन्हा गडप व्हायच्या.

"नियम तो नियम, वन्सं," मुरिएल लगबगीनं क्लेमंटच्या बाजूला झाली. "वाईट वाटून घेऊ नका."

"आणि बायका म्हणजे," क्लेमंटचा चमचा पुढे निघाला, "दर मालकाला एक. जेराल्डची आत आहेच. म्हणजे राहता राहिलो मी."

मुरिएलनं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बाजू बदलली. "ऐकलंत, वन्सं? बाप्यांनी लिहिलेलं, बाप्यांसाठी! तीस वर्षं हा माणूस नाताळालासुद्धा घरी आला नाही, आणि आता कायमचा मुक्काम हवाय त्याला."

"मी म्हणतो, दहनच का नको?" पिअर्स म्हणाला. "स्वच्छ, सुटसुटीत. मी स्वतःसाठी तेच ठरवलंय."

तिघांनी त्याच्याकडे पाहिलं.

"घर दिलंस ते दिलंस," हॉनर म्हणाली, "आता आम्हाला जाळायलाही निघालास?"

पाद्रीबुवांनी बुधवारी चहाला येऊन नाव लिहून घेण्याचं कबूल केलं आणि टोपी विसरून निघून गेले.

हॉनर दुपारभर चादरींच्या कपाटासमोर उभी राहिली, पण तिनं एकही चादर मोजली नाही. तिला मरायची हौस नव्हती. नियमही तिनं कधीच मनाला लावून घेतला नव्हता, कारण आजवर तिच्याजवळ अख्खं घर होतं. चाळीस वर्षं तिनं ते चालवलं होतं. आईनंतर, दोन युद्धांत, सैन्याचे दवाखाने बसले तेव्हा आणि उठले तेव्हा. आता घर जाणार होतं. परत आत शिरायची एकच वाट उरली होती, आणि तीही पायांनी नव्हे, चौघांच्या खांद्यांवरून.

*

दुसऱ्याची मोजणी हॉनरनं जन्मात खरी मानली नव्हती. सोमवारी सकाळी ती चर्चमध्ये हजर झाली. तळघराची चावी एनॉक ग्रिबलकडे असे. ग्रिबल घराण्यानं चार पिढ्या मार्लकोटची सुतारकी केली होती. पाळणेही तेच करत आणि पेट्याही.

"खाली लई ओल आहे, बाईसाहेब," एनॉक चावी खिशातून बाहेर काढेना. "तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तू कंदील धर."

"उंदीर असतील."

"चाळीस वर्षं नातेवाइकांत काढली मी, एनॉक. उघड दार."

अकरा पायऱ्या उतरून ती खाली आली आणि थबकली. ओल कुठेच नव्हती. फरशी झाडलेली, कोपऱ्यात कोळिष्टकाचा धागा नाही. कंदिलाच्या उजेडात कट्ट्यांवर तिचं सगळं घराणं ओळीनं निजलं होतं. पहिला जोसेलिन, ज्यानं लागोपाठ दोन श्रीमंत विधवांशी लग्न केलं आणि पहिलीच्या पैशातून घराचा डावा भाग, दुसरीच्या पैशातून उजवा भाग बांधला. म्हणूनच दोन्हीकडच्या खिडक्या कधी एका ओळीत आल्या नाहीत. मग त्याचा मुलगा टोबायस. खिडकीतून तळं दिसावं म्हणून त्यानं टेकाडावर तळं खणलं, अकरा वर्षं ते भरायची वाट पाहिली आणि शेवटी त्या कोरड्या खड्ड्याच्या काठी गारठून गेला. मग ल्यूशिअस आणि त्याची बायको. या दोघांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अबोला धरला आणि एकोणीस वर्षं घराच्या दोन टोकांना दोन स्वयंपाकघरं चालवली. आता दोघांत वीतभर अंतर होतं. पुढे आई, बाबा. मग जेराल्ड आणि सिसिली.

"एकोणीस," हॉनरनं मोजलं. "आणि कट्टे पंचवीस. म्हणजे सहा रिकामे हवेत. बिशपच्या माणसाला एकच कसा दिसला?"

एनॉकनं कंदील पाठीमागे नेला. हॉनरनं तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि सिसिलीच्या पलीकडच्या वळणावर धरला.

तिथे पाच पेट्या होत्या. चांगल्या, जाड ओकच्या. पेनिफोल्डांच्या पेट्यांपेक्षा सरस. तिनं पार टोकाच्या पेटीवरची पितळी पाटी वाचली. मार्था ग्रिबल, १८७९. मग जोनास ग्रिबल. मग सेथ आणि एलन ग्रिबल.

हॉनरनं कंदील वळवून एनॉकच्या तोंडावर धरला.

"बिशपच्या माणसानं पाट्या वाचल्या नाहीत?" तिनं विचारलं.

"वाचल्या की. म्हणाला, ग्रिबल म्हणजे या लोकांचं आजोळ का? मी म्हटलं, व्हय, तसंच काहीतरी."

"एनॉक!"

एनॉकनं टोपी काढली. "त्या हिवाळ्यात नदी चढली होती, बाईसाहेब. दफनभूमी सहा आठवडे पाण्यात. आजी आमच्या वखारीत फळ्यांवर पडून. मालक फ्रान्सला गेलेले, विचारायचं कोणाला? आजोबाच्या हातात चावी. खाली जागा कोरडी, आणि भरपूर. म्हणाला, तात्पुरती ठेवू. मग तिला हलवायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. पुढं आजोबा म्हणाला, मला तिच्याजवळच ठेवा. मग बाप म्हणाला, मी काय घोडं मारलंय?"

हॉनरनं सिसिलीलगतची पाचवी पाटी वाचली, आणि तिचा आवाज चढला. "सूझन? तुझी बायको? अरे, तिच्या दफनाला मी स्वतः हजर होते! बाहेर, फाटकाजवळ!"

"त्या पेटीत दगड होते, बाईसाहेब. वजन लागतं ना खांद्याला."

"मी त्यावर माझे डेलिया वाहिले. बक्षीस मिळालेले डेलिया!"

"ते मी रात्रीच इकडं आणले," एनॉक घाईनं म्हणाला. "सूझनला पोचले ते."

हॉनर मटकन खाली बसली. ती बसली त्या कट्ट्यावर धूळ नव्हती. एनॉक अवघडून उभा राहिला, आणि तिच्या ध्यानात आलं, की ती शेवटच्या, रिकाम्या कट्ट्यावर बसली आहे. तो सूझनच्या पायथ्याशी होता.

"माप घेऊन ठेवलंयस, नाही का?"

"पेटीच करून ठेवलीय," एनॉक म्हणाला. "वखारीत आहे. सध्या तिच्यात बटाटे ठेवतो."

हॉनरला हिशेब करायला क्षणभरही लागला नाही. वर जाऊन एक शब्द टाकायचा अवकाश, पाच कट्टे मोकळे. मुरिएल, क्लेमंट, पिअर्स, ती स्वतः; कोणाचं कोणाशी भांडण नको. जोसेलिनच्या नियमाकडे मग कोणी ढुंकूनही पाहणार नव्हतं. पेनिफोल्डांना नियम आठवे तो जागा कमी पडली की.

"इथे झाडतं कोण?" तिनं विचारलं.

"आम्हीच. दर नोव्हेंबरात. आपल्या माणसांपुढचं झाडायचं आणि तुमच्या माणसांपुढचं सोडायचं, बरं दिसत नाही. तुमच्या आईसाहेबांच्या पेटीचा तळ कुजला होता. मी तो मागल्या साली बदलला. विचारलं नाही. माफी असावी."

हॉनर उठली. आईच्या पेटीपाशी गेली, हातमोजा काढून नव्या लाकडावर बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते तिला सापडलं नाही.

"चावी नीट ठेव," ती म्हणाली, आणि अकरा पायऱ्या चढून वर गेली.

*

मंगळवारी मुरिएलनं तिच्या खोलीवर जिऱ्याचा केक पाठवला. संध्याकाळी क्लेमंट आला आणि आपल्याला पाठिंबा दिलास तर बाहेर भिंतीकडेला तुला संगमरवर बसवून देतो म्हणाला. "आणि खाजकुइली?" असं हॉनरनं विचारल्यावर त्यानं विषय हवापाण्याकडे वळवला.

बुधवारी चहाला पाद्रीबुवा रजिस्टर घेऊन आले. हॉनरनं सगळ्यांचे कप भरले आणि म्हणाली, "माझं नाव सोडा. मला ती जागा नको."

मुरिएल आणि क्लेमंटचे चेहरे फुलले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पुन्हा मिटले.

"माझ्या मते ती जागा एनॉक ग्रिबलला द्यावी."

पाद्रीबुवांनी पेन्सिलीचं टोक पुन्हा तपासलं.

"सुतार?" क्लेमंट म्हणाला. "पेनिफोल्डांच्या तळघरात ग्रिबल?"

"कल्पनाही करवत नाही, नाही का?" हॉनरनं कपात पाहत म्हटलं. "पण चार पिढ्या राबले ते आपल्यासाठी. घर तर चाललंच. जाताना एखादी गोष्ट तरी बरी करून जाऊ."

"पण सर जोसेलिनचा नियम..." पाद्रीबुवा चाचरले.

"जोसेलिनची हरकत असेल तर त्यानं लेखी कळवावी."

मुरिएल केकचा तुकडा बोटांनी कुस्करत होती. "वन्सं, तो कट्टा नेमका आहे कुठे?"

"सिसिलीच्या पलीकडे. वळणावर."

"सिसिली नोकरमाणसांना समोरचा जिना वापरू देत नसे, खरं ना?"

"आई सांगायची तसं."

"माझं मत ग्रिबलला," मुरिएल म्हणाली आणि केक तोंडात टाकला.

क्लेमंटचा चमचा हवेत थांबला होता. "म्हणजे वहिनींना ती जागा मिळत नाही? नक्की?"

"नक्की."

"कधीच?"

"सिमेंट ओतणार आहेत, क्लेमंट."

"मग माझी ना नाही."

पिअर्सनं तर टाळीच वाजवली. शाळेमुळे गाव रुसलं होतं. सुताराच्या या मानानं सगळे खूश होणार होते. पाद्रीबुवांचे डोळे पाणावले. दोनशे वर्षांत पहिल्यांदा पेनिफोल्डांशेजारी गावचा माणूस निजणार, असं ते म्हणाले, आणि हॉनरला चहाचा ठसका लागला. रजिस्टरात नाव चढलं. एकमेकांच्या द्वेषापायी एवढं चांगलं काम या घरात आजवर झालं नव्हतं.

सगळे पांगल्यावर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. चांगुलपणा केला की बरं वाटतं म्हणतात. तिला मात्र दात काढल्यासारखं वाटत होतं. जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागेकडे जात होती.

मुरिएल येऊन कठड्याला टेकली. "वन्सं, मी बिस्किटवाल्याची मुलगी. डबा हलका लागला की मला कळतं. खाली काय पाहिलंत?"

हॉनरनं सांगितलं. मार्था, जोनास, दगडांची पेटी, बटाटे, सगळं. मुरिएल आधी पायरीवर बसली, मग तोंडावर रुमाल दाबून हसू लागली. हसता हसता तिची मोत्यांची माळ उलटी झाली.

"आणि सिसिलीच्या अगदी शेजारी कोण?"

"सूझन. कोंबड्या पाळायची ती."

मुरिएलनं मान वर करून तैलचित्राकडे पाहिलं, आणि एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला डोळा मारला.

"पण तुम्हाला तर पाच कट्टे मिळाले असते," जरा वेळानं ती म्हणाली. "एक तुमचा. एक माझा."

"हो."

"मग?"

"आईच्या पेटीचा तळ बदललाय त्यानं," हॉनर म्हणाली. "आपल्यापैकी कोणाला ती कुजलीय हेसुद्धा माहीत नव्हतं."

मुरिएल उठली. तिनं हॉनरचा कोट आणून तिच्या मांडीवर टाकला. "चला. ऊन आहे तोवर जागा बघून येऊ. मला भिंतीकडेला नको, आधीच सांगते. खाजकुइलीशी माझं जमत नाही."

चर्चच्या दक्षिणेला एक मोकळा तुकडा होता. सफरचंदाचं एक वाकडं झाड, पलीकडे शेत, शेतात मेंढ्या. दोघींनी छत्रीच्या टोकानं मापं घेतली. मापावर मुरिएलचा विश्वास बसेना. गादी घेताना आपण झोपून बघतोच की, ती म्हणाली, आणि खरोखरच गवतात आडवी झाली. हॉनरनं इकडेतिकडे पाहिलं, कोट सावरला आणि तिच्या शेजारी पडली. वर आभाळ होतं. खाली गवत मऊ होतं, कोरडं होतं.

"बरं आहे," हॉनर म्हणाली.

"झाडाकडची बाजू माझी."

"का म्हणून? मी थोरली."

"नियम दाखवू नका, वन्सं. झाडाखाली मी."

"सफरचंदं पडतील अंगावर."

"पडू देत. बरं, उठा आता. पाठीला गार लागतंय."

हॉनरनं उठायचा प्रयत्न केला. मग मुरिएलनं केला. मग दोघींनी एकमेकींना धरून केला, आणि दोघी पुन्हा आडव्या झाल्या.

विसरलेली टोपी डोक्यावर घालून पाद्रीबुवा फाटकातून आत शिरले, तेव्हा त्यांना मार्लकोटच्या दोन्ही थोरल्या बायका कबरींमध्ये शेजारी शेजारी उताण्या दिसल्या. त्यांच्या हातातलं रजिस्टर वाटेवरच्या चिखलात पडलं.

"ओरडू नका, लविजसाहेब," हॉनर म्हणाली. "अजून वेळ आहे. रजिस्टर उचला आणि दोन नावं लिहा. झाडाकडेला माझं."

"माझं!" मुरिएल म्हणाली.

"आणि आधी हात द्या."

पाद्रीबुवा धावत आले. त्यांनी दोघींकडे दोन हात पुढे केले, आणि आधी कोणाला ओढायचं हे न कळून तसेच वाकून उभे राहिले.